आंदणाची होडी

धप्प करून होडी नावेच्या कुशीवर आदळली आणि काठावर न्याहारीला बसलेल्या गोजरबाईचा घास हातातच राहिला.

नाव सागवानी, दोन बैलगाड्या बैलांसकट नीरा नदीपार नेणारी. अख्ख्या घराची भाकर तिच्यावर. होडी होती सुनेची, सारजाची. लग्नात बापानं आंदण दिलेली. जड नाव काठाला टेकत नसे, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहायची; गाड्या पाण्यातून चढायच्या, माणसं न्यायला होडी लागायची. दोन्ही काठांना तेच काम, त्यामुळं होडी कायम नावेच्या शेपटाला बांधलेली. पाणी जरा फिरलं की ही बया मोठीला धडका द्यायची.

गेल्याच आठवड्यात तिनं एका फळीचा सांधा उकलून ठेवला होता. इंदापूरचा सुतार येईस्तोवर नाव तीन दिवस काठावर आडवी, आणि लासुर्ण्याच्या माळ्याची वांगी पाट्यांतच सडली. तेव्हापासून गोजरबाईचं एकच, तुझ्या माहेरचं लाकूडच आगाऊ.

सारजाच्या नवऱ्यानं, महिपतीनं, पोत्यांत उसाचं पाचट कोंबून चार ठिकाणी नावेला बांधून पाहिलं. होडी गुणाची. चारही पोती चुकवून ती बरोबर पाचव्या जागी बसली.

"उद्याचा बाजार झाला की ती होडी गाडीत घाल, न् तिच्या बापाच्या दारात नेऊन टाक," गोजरबाई लेकाला म्हणाली. सांगितलं लेकाला, पण आवाज सुनेसाठी लावलेला.

सारजाच्या डोळ्यांपुढं बाप आला. आंदण परत आलं तर बापानं भावकीत तोंड कसं दाखवायचं? आज होडी आली, उद्या पोरगी येईल, असंच म्हणणार लोक. शिवाय होडी गेली की बायामाणसांनी पुन्हा लुगडी खोचून कमरेएवढ्या पाण्यातून जायचं. पण रडत बसेल ती सारजा कसली! तिनं नावेच्या अंगावर लोंबणारी पोती पाहिली आणि तिला हसूच आलं.

"आत्याबाई, बैल मारका निघाला तर आपण गोठ्याला गोधडी बांधतो व्हय? त्याच्या शिंगांनाच चिंध्या गुंडाळतो न्हवं? नावंला कुठं कुठं झाकणार? होडीलाच बांधू. जाईल तितं आपली गादी संगं घिऊन जाईल."

गोजरबाईनं घास गिळला आणि एवढंच बजावलं, की उद्यापर्यंत काय करायचं ते कर, नाहीतर गाडी जुंपलीच समज.

सारजा तडक शेजारच्या आबासाहेबांच्या मळ्यात गेली. त्यांच्या विहिरीवर नुकतंच इंजिन बसलं होतं. मोट वळचणीला पडलेली, आणि तिचा ओढायचा दोर, मनगटाएवढा जाड नाडा, उंदरं कुरतडत होती. इंजिनाच्या आवाजात आबासाहेबांना तिचं मागणं दोनदा ऐकू गेलं नाही. तिसऱ्यांदा, होडीला गुंडाळायला नाडा हवाय, हे कळलं तसे ते पोट धरून हसले, नाडा घेऊन जा म्हणाले, वर मोटेचं जुनं चामडंही दिलं.

दुपारपासून ती आणि धाकटा दीर संभाजी होडीला भिडले. नाडा काठाला सगळ्या बाजूंनी फिरवला, हातहातभर अंतरावर सुतळीनं आवळला. नाकाडावर चामड्याची दुहेरी घडी ठोकली आणि आत चिंध्या कोंबल्या. पोळ्याला बैल तरी एवढा सजत नाही, म्हणून संभाजी कुरकुरला. बोलू नका, आवळा, म्हणाली सारजा. दिवेलागणीला होडी तयार झाली, बाळंतिणीनं कान बांधून बसावं तशी.

दुसऱ्या दिवशी बाजाराची गर्दी. नावेत कांद्याच्या दोन गाड्या चढल्या, बाया चढल्या, आणि दोन वर्षांत नावेत पाऊल न टाकलेली गोजरबाईही चढली. सरळ मागच्या टोकाला गेली, सुतारानं बसवलेल्या फळीवर तळवा टेकून मांडी घालून बसली.

नदीच्या मध्यावर ओढ लागली. होडी वळली, नेम धरून आली. होडी टेकली आणि मागं सरली. फळीला कळलंसुद्धा नाही. मग दुसऱ्या बाजूनं आली, तिथंही तेच. सारजाला वाटलं, उठून एक फुगडी घालावी. तिनं पदर सारखा केला आणि पुढं बघत राहिली.

गोजरबाईनं पैलतीर येईपर्यंत हात उचलला नाही. नाव थांबली, बाया होडीतून काठाला गेल्या. तिनं मान वळवून वल्हं मारणाऱ्या संभाजीकडं बराच वेळ पाहिलं, मग सुनेला जवळ बोलावलं.

"तुझ्या धाकट्या भनीचं कुठं ठरलंय का गं?"

"न्हाय, आत्याबाई."

"मग बापाला सांगावा धाड. बोलणी करायला मी सोता येती." गोजरबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. "आंदणात होडी मातुर नगं म्हणावं. आपल्याला एक हाय."