वहीच्या कागदाचं कव्हर

"सांधेदुखीच्या मलमाची जाहिरात करतो! विकला गेला आपला गिटारिस्ट," आवडत्या रॉक बँडच्या कार्यक्रमानंतर चहाच्या टपरीवर श्रीरंग तावातावाने म्हणाला.

"पोट त्यालाही आहे की," मित्र म्हणाला.

"रॉकवाल्याने पोटासाठी वाजवायचं नसतं!"

तरी सहीसाठी श्रीरंग स्टेजमागे गेलाच. कॉलेजपासून जिवापाड जपलेली बँडची पहिली कॅसेट त्याने पुढे केली. म्हाताऱ्या गिटारिस्टने चष्मा चढवून ती उलटीपालटी करून पाहिली. कव्हर वहीच्या कागदाचं, त्यावर निळ्या शाईत हाताने लिहिलेली गाण्यांची नावं.

"अक्षर सुरेख आहे तुमचं," तो हसून म्हणाला. मग आखडलेल्या बोटांनी त्याने सावकाश सही केली.

श्रीरंगची मान वर होईना. एकच कॅसेट उसनी आणून होस्टेलभर अशा कॉप्या त्यानेच वाटल्या होत्या. विकत एकानेही घेतली नव्हती.