नाव-गाव

सार्जंटने थडग्यासमोर बूट काढले, तेव्हा साऊ आजीला त्याचा खरा राग आला. तोवर तिला नुसती भीती वाटत होती.

ती नवऱ्याच्या थडग्याला पाठ लावून वाळूत बसली होती. समोर बुलडोझर घुरघुरत होता. सुरूच्या बनापासून टेकडीवरच्या छावणीपर्यंत गावातली सगळी थडगी पसरली होती, आणि परवा कुणीतरी त्यांच्या आडून छावणीवर गोळ्या झाडल्या होत्या. झाडणारे जंगलात पसार झाले. मेलेल्यांना काही पळता येत नाही, तेव्हा शिक्षा त्यांना झाली. बनापर्यंतची जमीन आज सपाट करा, असा हुकूम निघाला.

छावणी कोरियन फौजेची होती. अमेरिकेने बोलावलं म्हणून, सायगॉनच्या सरकारला बंडखोर निपटून काढायला मदत करायला ती समुद्र ओलांडून आली होती. आल्या आल्या त्यांच्या कॅप्टनने बाजारात भाषण ठोकलं. आम्ही गोरे नाही, तुमच्यासारखेच भात खाणारे, वाडवडिलांपुढे डोकं टेकणारे. छातीवर हात ठेवून तो म्हणाला होता, आम्हाला भाऊच समजा. गावाने माना डोलावल्या होत्या. न डोलावून करतात काय?

आता त्यातला एक भाऊ बूट काढून उभा होता.

त्याच्याबरोबर दुभाष्या लोई होता. पूर्वी शहरात शिंपीकाम करायचा, छावणीत कपडे शिवता शिवता कोरियन शिकला. लाउडस्पीकरवरून काल सूचना दिली होती, असं तो आजीला चौथ्यांदा सांगत होता. ती सूचना नदीपलीकडच्या बाजारात दिली होती, हे त्यालाही माहीत होतं. आजीचं म्हणणं साधं होतं. म्हाताऱ्याचं तिसरं वर्ष अजून भरलेलं नाही, त्याआधी थडगं उघडत नाहीत, तिच्या डोक्याचा सुतकाचा पांढरा पट्टा अजून उतरलेला नाही. तरी हरकत नाही, ती आणि तिची सून मेन दोघी मिळून त्याची हाडं उकरून काढतील, धुऊन मडक्यात भरतील आणि दुसरीकडे नेतील. उद्या सकाळपर्यंत थांबा. मेन कुदळ घेऊनच उभी होती.

सार्जंटने घड्याळ पाहून नकार दिला. पण तो काही राक्षस नव्हता. त्याची त्याची रीत होती. त्याने छावणीतून तांदळाची दारू आणवली होती, ती पेल्यात ओतून दोन्ही हातांनी थडग्यापुढे ठेवली. उदबत्त्या लावल्या. मग गुडघे टेकून, कपाळ वाळूला लावून दोनदा नमस्कार घातला. कुठे काही चुकलं नाही. मग उठून गुडघे झटकले, बूट घातले आणि यंत्राला हात केला.

"आजी, त्यांनी म्हाताऱ्याची माफी मागितली आहे," लोई म्हणाला. "आता उठा बघू. कुठला साहेब इतकं करतो?"

"गोरा असता तर मी म्हटलं असतं, त्या मेल्याला काय कळतंय," आजी म्हणाली. "याला सगळं कळतं. उदबत्ती कशी धरायची, डोकं कुठे टेकायचं, सगळं. आणि कळत असून करतोय. याला भाऊ म्हणू?"

लोईने यातलं काहीच सार्जंटला सांगितलं नाही.

"बरं, हे तरी सांग त्याला," ती म्हणाली. "मी उठते. पण नमस्कार अर्धाच झालाय. कोण आहेस, कुणाचा मुलगा, कुठल्या गावचा, हे म्हाताऱ्याला सांगायचं असतं. तेवढं सांग आणि चालव तुझं यंत्र."

लोईचा जीव भांड्यात पडला. त्याने घाईघाईने ते सांगून टाकलं. सार्जंट मान डोलवत ऐकत होता, आणि मध्येच त्याची मान थांबली. त्याचा बापही दरवर्षी आजोबांपुढे ताट ठेवून स्वतःचं नाव-गाव मोठ्याने सांगत असणार. मेलेला माणूस ते ऐकतो आणि बरोबर त्या घरी येतो, हे त्याला कुणी समजावून द्यायला नको होतं.

यंत्र चालवणारा जवानही कोरियनच. त्याने इंजिन बंद केलं.

सगळे वाट बघत राहिले. मग सार्जंट लालबुंद होऊन त्या जवानावर ओरडला, इंजिन पुन्हा सुरू झालं, आणि आणखी दोघा जवानांनी येऊन आजीला काखेत धरून उचललं. तिने हातपाय झाडले नाहीत. तिने फक्त सार्जंटच्या सदऱ्याकडे बोट केलं.

"लोई, ती पट्टी त्याच्या नावाची ना? वाच. म्हाताऱ्याला ऐकू जाईल असं वाच."

लोईने पट्टीकडे पाहिलं. सार्जंटला त्यांची भाषा येत नव्हती, पण ते बोट त्याला कळलं. त्याने पट्टीवर तळहात दाबून धरला.

बुलडोझर म्हाताऱ्यावरून गेला. मग त्याच्या बापावरून आणि पुढे बनापर्यंत सगळ्या गावावरून गेला. मेनने कुदळ टाकून दिली होती. सार्जंट संध्याकाळपर्यंत तिथेच उभा राहून हुकूम देत होता, एकाच हाताने. दुसरा छातीवर होता, भाऊ समजा म्हणताना त्यांच्या कॅप्टनने ठेवला होता, अगदी तसाच.