चौथी सरी

“चावून बघा सायेब! आंबट लागंल. अंबाडी हाय ही!”

जोतिबा घसा फोडून ओरडत होता आणि नवा फौजदार ऐकायला तयार नव्हता. शहरातून बदलून आलेल्या त्या माणसाने शिजवण्याआधीची अंबाडी जन्मात पाहिली नसावी. पंजासारखी कातरलेली पानं दिसली, की याच्या लेखी गांजाच. विहिरीकडून चौथी सरी, असं निनावी फोनवर सांगितलं होतं आणि चौथ्या सरीत तसली पानं होती. एवढ्यावर त्याचं काम झालं.

जोतिबाची बायको बनुबाई घरातून भाकरी आणि अंबाडीची भाजी घेऊन आली. “खाऊन तरी बघा,” ती म्हणाली. फौजदाराने ताटली हाताने उडवली.

शिपायांनी झाडं मुळासकट, चिखलासकट उपटली आणि तशीच काट्यावर टाकली. सत्तावीस किलो! वीसच्या वर गेलं की जामीन मिळणं मुश्कील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. चिखलाचंही वजन भरलं, लाज म्हणून नाही.

अठरा वर्षं फौजेत काढलेला, हवालदार म्हणून निवृत्त झालेला जोतिबा नुसत्या बनियनवर पोलिसांच्या गाडीत बसला. वडूजची अख्खी पेठ बघत होती.

कोठडीत त्याच्या अंगाची लाही लाही होत होती. त्याच्या घरात गांजाचं नाव निघालं होतं ते मुलामुळे. एकुलता एक जयराज, तोही सैन्यात. गाडी दरीत कोसळली आणि त्याच्या पाठीचा कणा मोडला. तेव्हापासून कमरेखालचं अंग लुळं, पण पाय मधूनच आखडायचे आणि तो तरणाताठा गडी किंचाळायचा. मग जोतिबा दोन्ही पाय घट्ट धरून बसायचा.

साताऱ्याच्या वैद्यांनी विजयेचं तेल लिहून दिलं, म्हणजे गांजाच्याच झाडाचं औषध. तीन महिने पोराला आराम पडला. मग परराज्यातून येणारं पार्सल पोलिसांनी धरलं. तिथल्या सरकारचा परवाना होता, पण दिल्लीच्या कायद्यात म्हणे तो गुन्हा. कुठल्याशा राज्यात हीच पानं भांग म्हणून सरकारमान्य दुकानात मिळतात आणि इथे आजाऱ्याच्या हातातली बाटली काढून घेतात! ज्या दिल्लीसाठी पोराने पाठ मोडून घेतली, तिनेच.

तेव्हा चुलतभाऊ नानासो म्हणाला होता, “दोन झाडं परसात लाव की गड्या. कोन बघतंय?”

जोतिबाने त्याला उंबऱ्याबाहेर काढलं होतं. “फौजीचं घर हाय हे! कायद्याभाईर हितं काडी हलायची न्हाई.” बनुबाई तेव्हा जयराजचे पाय चोळत बसली होती.

फोन नानासोनेच केला असणार. डाव साधला त्याने.

बाविसाव्या दिवशी प्रयोगशाळेचा अहवाल आला. अंबाडी! पेपरात फोटो छापून आला, पोलीस ठाण्याची पार शोभा झाली. चहाच्या टपरीवर पोरं शिपायांना विचारू लागली, “आज मेथी धरली का शेपू?”

फौजदार हात जोडून दारात आला. “हवालदारसाहेब, पुन्हा तुमच्या रानात आमचा माणूस पाय ठेवणार नाही. वरूनच तशी ताकीद आहे.”

“फोन कुनी केलता, त्ये सांगा.”

“नाव नाही सांगितलं. बाईचा आवाज होता.”

बाई! म्हणजे नानासोची बायको, धोंडुबाई.

त्या दिवसापासून जोतिबाने विहिरीकडे बघायचंच सोडलं. तो आत असतानाच बनुबाईने ती सरी पुन्हा पेरली होती. पाणीही तीच द्यायची. “बियाला ठेवलीया, कुनी खुडायची न्हाई,” असं तिने आल्यागेल्याला बजावलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी जयराजचे पाय पुन्हा आखडले. तो किंचाळून किंचाळून गप्प झाला, तेव्हा जोतिबा उठला आणि त्याने कोपऱ्यातली काठी घेतली. बावीस दिवस हे पाय धरायला तो घरात नव्हता. कुणामुळे? त्या धोंडुबाईमुळे. आज सोक्षमोक्षच लावायचा.

नानासोच्या घराची वाट विहिरीवरूनच जात होती. बनुबाई तिथे चौथ्या सरीला पाणी धरत होती. काठी बघून ती आडवी आली.

“आवं, कुठं निघालाय?”

“सरक! ह्या आंबट पाल्यापायी त्या बयेनं मला गजाआड बसवलं. आज तिला सोडत न्हाई!” जोतिबाने तणतणत हाताला लागलं ते पान ओरबाडलं आणि कचकन चावलं.

तो थांबला. पान आंबट नव्हतं.

“थुका त्ये,” बनुबाई खाली बघतच म्हणाली. “जयराजचं औषिद हाय. अन् धोंडुबाईच्या दारात जाऊ नगा. फोन तिनं न्हाई केला.”