अकरा जणींचा कारखाना

"या तीस जणांना सपाता थापता तरी येतात का रे?" कुन्सुलूने विचारलं.

"थापायच्या कुठे आहेत आपा? नुसतं उभं राहायचंय," सारसेन म्हणाला. "पाहुणी एक चक्कर मारणार, सही करणार आणि विमानात बसणार."

अल्माटीच्या कडेच्या त्या अवाढव्य गोदामात तीस हमाल नवेकोरे एप्रन घालून ओळीने उभे होते. प्रत्येकाच्या छातीवर ठळक अक्षरांत 'कुन्सुलू'. आपलं नाव मिशाळ हमालांच्या छातीवर बघून तिला आधी हसू फुटलं, मग कसंसंच झालं.

दोन वर्षांपूर्वी लोकरीच्या सपातांचं पार्सल घेऊन ती देशोदेशी गोदामं असलेल्या या मालवाहतूक कंपनीच्या खिडकीशी आली होती. सारसेन इथल्या गोदामाचा मुख्य. त्याने सपाता उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाला, "आपा, तुम्ही फक्त लोकर थापा. बाकीची कटकट माझी." गडी शब्दाला जागला. खोकी त्याची, जकातीचे कागद त्याचे. परदेशातून फोन आला की त्याच्या ऑफिसातली पोरगी उचलायची आणि म्हणायची, "कुन्सुलू कारखान्यातून बोलतेय." तळवा उसवून परत आलेली सपातसुद्धा इथेच शिवली जायची. डेन्मार्कच्या दुकानदारांना वाटायचं, केवढा हा कारखाना! आणि कारखाना म्हणजे काय, तर तासाभरावरच्या गावातली एक शेड आणि अकरा बायका.

आता त्या दुकानदारांना वर्षाला चाळीस हजार जोड हवे होते. पण आधी त्यांचं माणूस कारखाना बघणार होतं. ऑर्डर मिळाली तर अकराच्या चाळीस जणी होतील आणि कुन्सुलूची मुलगी मेरुएर्त कोरियातली कांद्याची शेतं सोडून घरी येईल. फोनवर तिने तसं कबूलच केलं होतं. नाही मिळाली, तर यंदाचा हिवाळा संपला की शेडला कुलूप.

"आणि पकडले गेलो तर?"

"तुम्ही तोंड बंद ठेवलंत तर कोण पकडतंय!"

पाहुणी आली. दाइवा तिचं नाव. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, पायात साधे जाड बूट. रशियन अगदी फर्डं बोलत होती. दुभाष्याची भानगड वाचली म्हणून सारसेन खूश झाला.

तिने सपात हातात घेतली, वाकवली, हुंगली. मग मात्र ती खोक्यांतच रमली. जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यांच्या आतूनच चालली, कोपऱ्यावर थांबून गाडी येत नाही ना ते पाहिलं आणि वाकडं चिकटलेलं एक लेबल काही न बोलता सोलून सरळ लावलं. मग एका मिशाळ गड्याला तिने विचारलं, "लोकर किती वेळ भिजवता?"

तो सारसेनकडे बघत राहिला.

"लाजतो हो तो," सारसेन म्हणाला.

"असं होय," दाइवा म्हणाली आणि पुढे चालू लागली.

वरच्या खोलीत दस्तरखान मांडला होता. जेवण सगळं कुन्सुलूने घरून आणलेलं. सारसेन पडला शहरी माणूस. त्याने घाईघाईने रोटी मोडली, एक तुकडा पाहुणीला दिला, एक कुन्सुलूच्या हातात ठेवला. नेमकं तेव्हाच दाइवाने विचारलं, "कुन्सुलूबाई, तुमच्याकडे खरोखर माणसं किती?"

"खाली तीस, शिवाय..." सारसेनने सुरुवात केली.

"मी त्यांना विचारलंय."

कुन्सुलू काही हरिश्चंद्राची बहीण नव्हती. करवाल्याला, नवऱ्याला, वेळप्रसंगी मुल्लालाही तिने थापा मारल्या होत्या. पण हातात रोटी धरून? असं खोटं बोलणाऱ्याला ती रोटीच मारते, हे तिच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिने सारसेनकडे पाहिलं. तो डोळ्यांनी गयावया करत होता. तिला मेरुएर्त आठवली.

"अकरा," ती म्हणाली. "बारावी मी. ते खालचे तीस याचे हमाल. त्यांना सपातेची टाच कुठली नि टोक कुठलं, तेही कळत नाही. पण सपाता माझ्या आहेत, एकूण एक जोड माझ्या हाताखालून जातो. पटत असेल तर चाळीस बायका बसवीन. नसेल पटत, तर पोटभर जेवा आणि सुखाने जा."

"घातलंत ना आपा मातीत!" सारसेनने कपाळावर हात मारला.

दाइवाने तोंडातला घास सावकाश संपवला. हात पुसले. कागद पुढे ओढला आणि सही ठोकली.

"सपाता उत्तम आहेत," ती म्हणाली. "दोन वर्षांत एक खोकं उशिरा आलं नाही. चाळीस जणी बसवताय ना, मग आज माणसं किती आणि कुणाची, त्याच्याशी मला काय करायचंय?"

"अगं बाई!" कुन्सुलू ओरडलीच. तिला रडू आवरेना आणि हसूही आवरेना. तिने सारसेनच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याचा चहा सांडला. दस्तरखानावरच्या मूठभर टॉफ्या उचलून तिने शुभशकुनाच्या म्हणून पाहुणीच्या डोक्यावर उधळल्या. लगेच फोन लावला. "मेरुएर्त, बांध सामान! गेले ते कांदे खड्ड्यात!" खाली हमालांनी शिट्ट्या मारल्या.

पाहुणी निघाली तेव्हा कुन्सुलूने तिचे दोन्ही हात धरले. "डेन्मार्कच्या तुमच्या मालकांना माझा सलाम सांगा हं."

"सांगितला असता हो," केसांतली टॉफी काढत दाइवा म्हणाली, "पण मी त्यांना कधी बघितलेलंच नाही. मी लिथुआनियातल्या गोदामात असते. त्यांचा माल ठेवायचा, त्यांच्या नावाने फोन घ्यायचे, हे माझं काम. यंदा त्यांनी खरेदीही माझ्याच गळ्यात घातली."

सारसेनचा आ वासलेला होता. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आणि सारसेन, तुझ्या हमालांच्या हातांत मोजे नाहीत रे. आपल्या कंपनीत हे चालत नाही."