वरचा मजला

मृत्युपत्र अरविंदरावांनी मनातल्या मनात आधीच लिहून ठेवलं होतं, परेश वकिलाला फक्त टाइप करायचं काम उरलं होतं. खालचा मजला श्रीहरीला. वरचा मजला श्रीहरीला. मागची मोकळी जागा, तीही श्रीहरीला. वीज मंडळात जन्मभर फायली हाताळलेला माणूस, कलमांचे आकडेसुद्धा तोंडीच सांगत होता.

श्रीहरी त्यासाठीच दोन दिवसांची रजा काढून पुण्याहून आला होता. बापाने आपलं नाव घेतलं की तो मोबाइलमध्ये आणखी खाली डोकं घालायचा. बहिणीला, ऋजुताला, आजच्या बैठकीचं कुणी कळवलंच नव्हतं.

श्रीहरीच्या आईने, शुभदाताईंनी, पोह्यांच्या बश्या टीपॉयवर ठेवल्या आणि आत न जाता तिथेच उभ्या राहिल्या.

"वरचा मजला ऋजुताला द्या ना."

सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणत होत्या. ऋजुताला नवऱ्याचं घर सोडून तीन वर्षं झाली होती. विजय नगरात एका खोलीत राहायची, अकरा महिने झाले की मालक नवं भाडं सांगायचा आणि ही पुन्हा सामान बांधायची. शुभदाताईंचं मागणं फार मोठं नव्हतंच. आपण गेल्यावर पोरीला कुणी खोली रिकामी कर म्हणू नये, बस एवढंच.

"वर जागा मिळाली की ती परत नांदायला जायचीच नाही," अरविंदराव म्हणाले. "आपणच फूस दिल्यासारखं होईल."

"तीन वर्षांत गेली नाही, आता कुठली जातेय?"

"तू मध्ये बोलू नकोस गं, माझी लिंक तुटते. परेश, लिही. कलम चार."

शुभदाताईंना संताप आला. पण वकिलासमोर तोंड कसं वाजवायचं, म्हणून त्यांनी शेवेचा डबा उघडला आणि सगळ्यांच्या पोह्यांवर, नको नको म्हणत असताना, पुन्हा शेव घातली.

"काका, घराची रजिस्ट्री देता जरा? नंबर टाकायचाय," परेश म्हणाला.

अरविंदरावांनी फाइल पुढे केली. परेश पानं उलटत गेला, थांबला, परत पहिल्या पानावर आला.

"काका, ये तो काकूंच्या नावावर आहे."

"हो रे. ते स्टँपसाठी. बाईच्या नावाने कमी लागतो असं कुणीतरी म्हणालं, मग टाकलं हिचं नाव. मी विसरूनच गेलो होतो बघ. तू पुढचं लिही, त्याने काही फरक पडत नाही."

"फरक कैसे नहीं पडता? घर काकूंचं आहे. दुसऱ्याचं घर तुम्ही कसं देणार?"

खरं सांगायचं तर शुभदाताईही विसरल्या होत्या. वीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवसातलं त्यांना एवढंच आठवत होतं, की कचेरीत भयंकर उकडत होतं आणि अहो बोट ठेवतील तिथे आपण सह्या करत होतो. कशावर करतोय ते कुणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. संध्याकाळी सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खाल्ला आणि विषय संपला.

"माझं काय अन् तिचं काय, एकच," अरविंदराव म्हणाले. "तिच्या नावाने टाइप कर. मजकूर हाच."

परेशने लॅपटॉप अर्धा मिटला. "तसं नाही चालत, काका. ज्याचं मृत्युपत्र त्याला मी एकट्यालाच विचारतो. उद्या कोर्टात कुणी म्हणायला नको की दबाव होता. तुम्ही आणि श्रीहरीभिया जरा बाहेर बसा."

"मी पण?"

"सबसे पहले तुम्ही."

अरविंदराव जागचे हलेनात. शेवटी श्रीहरीनेच मोबाइल खिशात टाकला आणि म्हणाला, "चला बाबा." दोघं बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

परेशने दार लोटलं. "हं, बोला काकू. तुमची काय इच्छा आहे?"

शुभदाताईंनी दाराकडे पाहिलं. इतकी सवय झाली होती, की क्षणभर वाटलं, बाहेर जाऊन यांनाच विचारून यावं. मग त्या खुर्चीवर नीट बसल्या आणि एका दमात म्हणाल्या, "खालचा श्रीहरीला, वरचा ऋजुताला, मागची जागा दोघांना मिळून." थोडं थांबून त्यांनी आणखी एक कलम सांगितलं.

अर्ध्या तासाने बापलेकांना आत बोलावलं. परेशने मसुदा वाचायला घेतला. ऋजुताचं नाव आलं तशी अरविंदरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "बरं केलंस आई," श्रीहरी हळूच म्हणाला. त्याला खरोखरच हायसं वाटलेलं दिसत होतं.

परेश पुढे वाचत होता. "माझे पती श्री. अरविंद यांना त्यांच्या हयातीत खालच्या मजल्यावर राहण्याचा पूर्ण हक्क राहील. त्यांना कोणीही घर सोडण्यास सांगू नये."

अरविंदरावांनी चष्मा काढला.

"हे कशाला लिहायला हवं होतं?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मला काय कुणी घराबाहेर काढणार आहे?"

शुभदाताई रिकाम्या बश्या एकात एक घालत होत्या.

"लिहिलेलं असूनही विसरतात हो माणसं," त्या म्हणाल्या. "न लिहिलेल्याचं काय घेऊन बसलात?"