पहिली लेन

वळणावर ऊर्मिला दिसली आणि धावणाऱ्या डोंगरेकाकांचे पाय जड झाले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पोर आज पहिल्यांदाच मैदानावर आली होती, पट्टा बांधलेला पाय ओढत.

आठशे मीटरची राज्यविजेती! शुगर निघाल्यावर तिला बघूनच तर काकांनी साठीत बूट घेतले होते. मागून तिची "ट्रॅक!" अशी आरोळी आली की पहिली लेन सोडून टुणकन बाजूला व्हायचं, हा रिवाज तिनंच शिकवलेला. "एकदा तरी तुला मागं टाकणार बघ," असं ते धापा टाकत ओरडायचे आणि ती पळता पळता खिदळायची.

काकांनी वेग कमी केला, मग आणखी कमी केला. तरी अंतर मिटतच होतं. शेवटी खाली वाकून ते बुटाची घट्ट बसलेली नाडी सोडून पुन्हा बांधायला लागले.

ती थांबून मागं वळली.

"काय म्हणाले गं डॉक्टर?" नाडीकडेच बघत त्यांनी विचारलं.

"चालता येईल म्हणाले."

मग गुडघा दोन्ही हातांनी सावरत ती दुसऱ्या लेनमध्ये सरकली.

"व्हा पुढं, काका."