सिनेमातला कंपाउंडर

डॉक्टरांच्या खुनाच्या खटल्यातून कंपाउंडर निर्दोष सुटला, त्याला आठ वर्षं झाली. परवा भरदुपारी टीव्हीवर त्याच खटल्यावरचा सिनेमा लागला. शेवटी पडद्यावरचा कंपाउंडर कोर्टाबाहेर येऊन गालातल्या गालात हसला, तशी खऱ्या कंपाउंडरच्या शेजारी बसलेली त्याची धाकटी बहीण उसळली. खटल्यापायी तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, पण भावाची साथ तिने सोडली नव्हती.

"मेल्यांच्या जिभेला काही हाड! दादा, तू मनाला लावून घेऊ नकोस. माझा भाऊ मला माहीत नाही का?" असं म्हणत तिने टीव्ही बंद केला आणि जरा पडते म्हणून आतल्या खोलीत गेली.



दादाने बसल्या जागी ऐकलं, आठ वर्षांत पहिल्यांदाच तिने खोलीला आतून कडी लावली.